खळ्यावरची सात मुलं

शैला गेल्याचं मला इस्त्रीवाल्याने सांगितलं. चाळीस वर्षं जिच्याशी मैत्री, तिची बातमी अशा वाटेने यावी, यातच आमचं शेवटी काय होऊन बसलं होतं ते आलं. नवीन पनवेलमध्ये आमच्या दोघींच्या सोसायट्या दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला एकच. सकाळी मी कपड्यांचं गाठोडं घेऊन गेले, तर त्याने टेबलाखालून पाच सुती साड्यांची चळत काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "मॅडम, या शैला मॅडमच्या. आता कुणाला देऊ?" मी जरा तुसडेपणानेच म्हटलं, "कुणाला म्हणजे काय? त्यांनाच दे." आठ महिने आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो, पण ते काही मला इस्त्रीवाल्यापुढे उघडं करायचं नव्हतं. तो हातातली इस्त्री बाजूला उभी ठेवून हळूच म्हणाला, "आपको किसीने बताया नहीं? परसों सुबह..." त्याच्या पुढचं मला ऐकू आलं नाही. गाठोडं तसंच उचलून मी घरी परत आले.

तिच्या भावाला फोन केला. तो नाशिकहून येऊन सगळं आटोपून बसला होता. सकाळी उठून तिने गॅस पेटवला होता, दूध वर यायच्या आत ती खाली कोसळली, शेजारणीला करपल्याचा वास आला म्हणून कळलं. "कुंदाताई, तुम्हाला कळवावं की नाही तेच कळेना," तो म्हणाला. त्याला तरी काय दोष द्यायचा? आता या गोष्टीला सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मला शैलाचा आवाज ऐकू येतो. मला भुताखेतांचं वेड नाही, बँकेत हयात गेलेली बाई मी. पण भाजी निवडताना, दुपारी पेपर वाचताना, रिक्षाची वाट बघत उभी असताना, अगदी कानाशी तिचा एकच प्रश्न येतो. "कुंदा, त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं का?" आणि पाठोपाठ माझंच उत्तर येतं. ते उत्तर काय होतं ते सांगायला मी हे लिहायला घेतलं आहे. पण त्याआधी शैला कोण होती, ते सांगायला हवं.

शैला अर्थशास्त्राची प्राध्यापक. सोसायटीतल्या लोकांना अर्थशास्त्र म्हणजे शेअर नाहीतर सोनं एवढंच ठाऊक. सेक्रेटरी दर दिवाळीला तिला विचारायचे, "मॅडम, आत्ता सोनं घ्यावं की थांबावं?" आणि ती शांतपणे सांगायची, "मला सोन्यातलं काही कळत नाही हो, मला चौथीच्या वर्गातलं कळतं." ही थट्टा नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळांमधले शिक्षक मुलांच्या शिकण्यात नेमकी किती भर घालतात, यावर तिने आयुष्याची वीस-बावीस वर्षं घातली. चांगल्या शिक्षकामुळे मुलांचं आयुष्य बदलतं, असं शिक्षकदिनाला सगळेच भाषण ठोकतात. शैला म्हणायची, किती बदलतं ते सांगा. तिची पद्धत ऐकायला सोपी होती. जून महिन्यात वर्गातल्या मुलांची एक परीक्षा घ्यायची, मार्चमध्ये दुसरी घ्यायची. मुलं किती पुढे सरकली ते बघायचं, त्यातून घरची परिस्थिती, आईबापांचं शिक्षण, शिकवणी वगैरे बाजूला काढायचं, आणि जे उरेल ते बाईंचं किंवा गुरुजींचं. सरकारी शाळा वाईट असतात असं कुणी म्हटलं की ती लगेच विचारायची, "कुठली शाळा? कुठल्या बाईंचा वर्ग?" समोरच्याची बोलती बंद व्हायची.

दोन हजार सालानंतर बँकेने स्वेच्छानिवृत्ती दिली आणि मी घरी बसले. पंधराच दिवसांत शैला येऊन म्हणाली, "घरी बसून तू शेजाऱ्यांशी भांडशील. त्यापेक्षा माझ्याकडे ये. आकडे तुला आवडतात, आणि भांडायला मी तुला शाळा देते." नेऱ्याकडच्या डोंगरपायथ्याच्या शाळा तिने तिच्या विद्यार्थ्यांना वाटून दिल्या, आणि उरणची बाजू माझ्या गळ्यात मारली. ती स्वतः सगळीकडे एकदा तरी जायचीच. वर्गात मागे, मुलांच्या रांगेत जमिनीवर बसायची. आम्हाला ताकीद होती की बाईंकडे बघायचं नाही, मुलांकडे बघायचं. शिक्षकाने प्रश्न विचारला की शैलाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागायचा. उत्तर येईपर्यंत शिक्षक किती वेळ थांबतो ते ती मोजायची. बहुतेकांचं दुसऱ्या पेराशीच आटोपायचं. मूल अडखळलं की हे स्वतःच उत्तर देऊन मोकळे. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र बाई म्हणजे साक्षात दुर्वास. तिच्या विद्यार्थ्यांपैकी एका पोराने सर्वेक्षणात एका मुलीचं वय विचारायचं राहिलं म्हणून अंदाजाने भरलं होतं. शैलाने त्या अख्ख्या शाळेचे कागद आमच्यासमोर फाडले. "अंदाज करायचा तर घरी बसून केला असता, एसटीच्या तिकिटाला पैसे कशाला घातले?" तो पोरगा रडायचा बाकी राहिला. तिने कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, दुसऱ्याला करू दिला नाही. हे लक्षात ठेवा.

करंज्याच्या बाजूला कोळ्यांची एक वाडी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या शाळेत चौथीच्या वर्गाला ठाकूरबाई होत्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज असा की समुद्रावर उभं राहून हाक मारली तर होडी परत फिरावी. पहिल्यांदा शैला आणि मी बरोबरच गेलो होतो. ठाकूरबाईंनी भागाकाराचं एक उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि एका मुलाला उभं केलं. तो गप्प. बाईही गप्प. मी कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागले, भरती येत होती. शैलाची एका हाताची पेरं संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली. बाई तशाच उभ्या, चेहऱ्यावर ना राग ना घाई. शेवटी त्या मुलाने उत्तर दिलं, आणि बरोबर दिलं. परतीच्या बसमध्ये शैला म्हणाली, "कुंदा, मुलाला उत्तर येईल यावर त्या बाईचा विश्वास आहे गं. मी इतके वर्ग बघितले, असा नाही बघितला." तिचे डोळे भरून आले होते. शैलाला इतकं हळवं झालेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

मार्चमधली परीक्षा घ्यायला मी एकटी गेले. उन्हं तापली होती, वाटेवर दोन्हीकडे जवळा वाळत घातलेला, त्याचा वास थेट वर्गापर्यंत. वर्गात पोरं बसलेली, मी पेपरांचा गठ्ठा सोडला. ठाकूरबाईंनी विचारलं, "बाई, पटावर नाव हाय त्या सगल्या पोरांची परीक्षा घेयाची ना?" मी सूचना पाठ केल्या होत्या. म्हटलं, "हो, जूनमध्ये ज्यांची घेतली त्या सगळ्यांची." बाई म्हणाल्या, "मग जरा थांबा. आमी आलोच." पदर खोचला आणि निघाल्या. अर्ध्या-पाऊण तासाने परत आल्या त्या सात मुलांना घेऊन. वाडीच्या टोकाला मासळी सुकवायचं खळं होतं, तिथून चार मुली आणल्या होत्या. दोन मुलगे जेट्टीवरून, एक कुणाच्या तरी घरातून झोपेतून उठवून. दिवाळीपासून ही सात जणं शाळेत जवळजवळ आलीच नव्हती. मासळीचा हंगाम, आईबाप कामावर, पोरांना घरी कोण बसवून ठेवणार. बाई अधूनमधून खळ्यावर जाऊन दोन-चार दिवसांसाठी ओढून आणायच्या, परत ती जायची. त्यातल्या एका मुलीचं नाव मला आठवतं, चंद्रभागा. हात ओले, खवले चिकटलेले. तिने पेपरावर फक्त स्वतःचं नाव लिहिलं. खूप वेळ लावून लिहिलं, पण बरोबर लिहिलं, म्हणून ठाकूरबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाकी सहा जणांचं त्याहून फारसं बरं नव्हतं. येत होतं तेही विसरली होती.

आता दुसऱ्या शाळांत काय चालायचं ते सांगते. परीक्षेच्या आदल्या दिवशी कच्च्या मुलांना "उद्या नाही आलास तरी चालेल" असं हळूच सुचवलं जायचं. शैलाला हे पक्कं ठाऊक होतं. जूनमध्ये होतं आणि मार्चमध्ये गायब झालं अशा प्रत्येक मुलाचा ती हिशेब धरायची, त्यासाठी तिने केवढी गणितं केली होती. फसवणाऱ्यासाठी तिने सगळी दारं लावून घेतली होती. पण एखादी बाई दिवाळीपासून वर्गाबाहेर असलेली पोरं केवळ पटावर नाव आहे म्हणून आपल्या पायांनी जाऊन घेऊन येईल आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेईल, हे तिच्या काय, आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आमच्या तक्त्यात खाली 'शेरा' म्हणून एक चौकोन असायचा. काहीही वेगळं दिसलं तर तिथे लिहायचं, असा नियम. मी तो कोरा ठेवला. वाईट हेतू नव्हता. त्या पाऊण तासामुळे माझी उरणची बस चुकायची वेळ आली होती, मी कागद गोळा केले आणि पळत सुटले. आणि खरं सांगायचं तर मला त्यात लिहिण्यासारखं वेगळं काही वाटलंच नाही. चांगल्या बाई आहेत, पोरांना बोलावून आणतात, एवढंच.

मे महिन्यात निकाल लागले. सगळ्या शिक्षकांची क्रमवारी लागली आणि ठाकूरबाई तळाला. शैला तो कागद हातात घेऊन माझ्या घरी आली. चपलाही काढल्या नाहीत. "कुंदा, हे कसं? त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं का? नीट आठव." मला सगळं आठवत होतं. चंद्रभागाचे ओले हातसुद्धा आठवत होते. पण आदल्याच महिन्यात त्या पोराच्या शाळेचे कागद फाडताना मी तिला बघितलं होतं. पन्नाशीची बाई मी, बँकेत लोकांना शिस्त लावलेली, आणि माझा चौकोन कोरा! सगळ्यांसमोर माझेही कागद फाटणार, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, "नाही गं. काहीच नाही." तिने परत विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." बस्स... एवढंच. माझ्या आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोलले असेन, पण त्यातलं एकही मला इतकी वर्षं पुरलं नाही.

शैलाने माझ्यावर विश्वास ठेवला. ती आकड्यांवर जेवढा ठेवायची तेवढाच. आणि या निकालाने ती मुळापासून हलली. ती म्हणायला लागली की मी त्या वर्गात बसून भारावून गेले, मीच फसले. डोळ्यांना चांगला दिसणारा शिक्षक चांगला असतोच असं नाही. यावर तिने निबंध लिहिला, आणि तोच निबंध गाजला. तिला ठिकठिकाणी बोलावणी यायला लागली. प्रत्येक व्याख्यानात ती ही गोष्ट सांगायची, नाव न घेता. "एका खाडीकाठच्या शाळेत मी एका बाईंच्या वर्गात बसले होते. माझे डोळे पाणावले. पण मोजल्यावर कळलं..." लोक अवाक् व्हायचे. मी बऱ्याचदा पहिल्या रांगेत असायची, मैत्रीण म्हणून. टाळ्या वाजायच्या तेव्हा मीही वाजवायची. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून नकोसा वाटतो. लग्नाच्या हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या तरी मी उठून बाहेर जाते. पुढच्या फेरीत ठाकूरबाईंचा क्रमांक एकदम वर आला, तर शैलाने तेही जोडून घेतलं. मोजमापामुळे शिक्षक सुधारतो, याचं उदाहरण म्हणून.

तो क्रमांक कसा वर आला ते मला काही वर्षांनी उरणच्या बाजारात कळलं. मी ओली मासळी घ्यायला थांबले होते, समोर ठाकूरबाई. निबंधात नावं नव्हती, पण तालुक्यात कुणाला काय कळत नाही? केंद्रशाळेतल्या शिक्षकांच्या बैठकीत सहकारी त्यांना "काय बाई, पुस्तकात आलात म्हणे" म्हणून डिवचायचे. हे त्यांनी हसत सांगितलं. मग हसू थांबलं. म्हणाल्या, "बाई, मॅडमना एकदा विचाराल का, मी कुठं कमी परले? मी लय विचार केला. मग बोलले, बाहेरच्या पोरांच्या मागं फिरत बसते, वर्गातल्यांचं नुकसान होत असंल. तवापासून खल्यावर नाय जात. जी येतात त्यांनाच शिकवते." मी विचारलं, "आणि चंद्रभागा?" त्या म्हणाल्या, "ती नाय आली परत. कोन बोलवाया जानार तिला?" मी "विचारते हं मॅडमना" असं म्हणून घरी आले. मासळी तशीच पिशवीत राहिली, खराब झाली, टाकून दिली. विचारलं मात्र नाही. दर वर्षी मार्च आला की ऊन तापायला लागतं आणि मला जवळ्याचा वास येतो. आमच्या सेक्टरमध्ये कुठला आलाय जवळा? घरातले म्हणतात, तुझ्या नाकाला काहीतरी झालंय.

गेल्या वर्षी शैला निवृत्तीनंतरचं एक पुस्तक लिहायला बसली. एका दुपारी मला बोलावून तिने पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. सुरुवातच त्या वर्गापासून होती. भागाकार, गप्प उभ्या बाई, तिची संपलेली पेरं. आता हे पुस्तकात छापून येणार, ती आणि मी दोघी गेल्यावरही राहणार, हे माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "शैला, थांब." आणि सगळं सांगितलं. खळं, सात मुलं, कोरा चौकोन, माझं 'नाही', उरणचा बाजार. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर किती बरं झालं असतं! तिने फक्त विचारलं, "सातही जणांचे पेपर तू गठ्ठ्यात धरलेस?" मी हो म्हटलं. मग समोरचे कागद मिटून ती म्हणाली, "मला तिथे दिसत होतं, कुंदा. माझ्या डोळ्यांना दिसत होतं. तुझ्या एका शब्दावर मी माझे डोळे खोटे ठरवले, आणि चौदा वर्षं लोकांना तेच शिकवत फिरले." पुढे म्हणाली, "आता तू जा." मी गेले. त्यानंतर आठ महिने तिने माझा फोन उचलला नाही. एकदोनदा ती मला एसटी स्टँडवर दिसली, खांद्याला पिशवी, सावलीला उभी. रस्ता ओलांडून जावं असं वाटलं. गेले नाही. ती पाठ फिरवील याची भीती वाटत होती, आणि तोंड दाखवायची लाजही.

तिच्या तेराव्यानंतर भावाने मला घरी बोलावलं. म्हणाला, हे कागद मला कळत नाहीत, तुम्ही बघा. सगळ्यात वर पाच-सहा पानांचं टिपण होतं, शैलाच्या अक्षरात, खाडाखोड करून नीट केलेलं. ज्या नियतकालिकात तिचा तो निबंध आला होता, तिथेच छापायला पाठवायचं होतं. तिने लिहिलं होतं की त्या निबंधातला मुख्य दाखला चुकीचा आहे. ज्या शिक्षिकेला मी तळाला टाकलं, ती त्या यादीत पहिली यायला हवी होती. तिने वर्गाबाहेरची मुलं आणून बसवली, आणि माझ्या पद्धतीने तिला त्याचीच शिक्षा केली. पुढच्या वर्षी तिचा क्रमांक वर गेला तो ती सुधारली म्हणून नव्हे, तर तिने ती मुलं सोडून दिली म्हणून. मी वाचत होते आणि माझं नाव कुठे येतंय ते शोधत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. माझं नाव कुठेच नव्हतं. शेवटच्या पानावर वाक्य होतं, "त्या शाळेतली वर्षअखेरची परीक्षा मी स्वतः घेतली. शिक्षिकेने मुलांना बोलावून आणलेलं मी पाहिलं, आणि नोंदवलं नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे." मी ते वाक्य तीनदा वाचलं. अंदाजाने लिहिलेल्या एका वयापायी अख्खी शाळा फाडून टाकणाऱ्या बाईने हे लिहिलं होतं. तिचा भाऊ विचारत होता, "पाठवून देऊ ना ताई? बरोबर आहे ना सगळं?" मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी मी उरणची एसटी धरली. ठाकूरबाई आता निवृत्त झाल्या आहेत, वाडीतच राहतात. दुपारचे तीन वाजले असतील. त्यांच्या पडवीत बारा-पंधरा पोरं पाट्या घेऊन बसली होती. काहींच्या हाताला तोच वास. मी चप्पल काढून मागे भिंतीशी अंथरलेल्या गोणपाटावर बसायला गेले, तर एक मुलगी झटकन म्हणाली, "तिथं नका बसू. ती मॅडमची जागा हाय." मी तिथल्या तिथे उभी राहिले. ठाकूरबाईंनी मला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "पोरांना सांगितलं, पन त्यांना पटत नाय. दर मंगलवारी यायच्या ना. पोरांना वाटतं, येत्या मंगलवारी येतील." म्हणजे स्टँडवर ती दिसायची ती इथे यायला निघालेली असायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिने या पडवीत उभं राहून ठाकूरबाईंची माफी मागितली होती. मग चंद्रभागाचं घर शोधत गेली, तिचीही मागितली. चंद्रभागा आता दोन मुलांची आई. तिला काही आठवतही नव्हतं. ह्या म्हाताऱ्या मॅडम आपल्यापुढे हात का जोडतात ते तिला कळेना. त्यानंतर ठाकूरबाई परत खळ्यावर जायला लागल्या. शैला त्यांच्याबरोबर जायची, पोरं गोळा करायला.

मी म्हटलं, "बाई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय." मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "मॅडम बोलल्या, बाई, चूक माझी, परीक्षेला मीच आलते. मी बोलले, मॅडम, असं कसं? त्या दिवशी तर कुंदाबाई आलत्या. मी इसरेन होय? मग बोलल्या, बाई, ती माझी मैत्रीण हाय. तिनं चौदा वर्षं हे एकटीनं उचललंय. आता थोरं मला उचलू दे." मला रडू आवरेना. आठ महिने मी समजत होते की तिने मला टाकलं. ती माझ्याशी बोलत नव्हती हे खरं, राग होताच, आणि असायलाच हवा होता. पण त्याच रागात ती माझ्यासाठी हे करत बसली होती, एका बाजूने मंगळवारी पोरं गोळा करत, दुसऱ्या बाजूने ते वाक्य खाडाखोड करून पक्कं करत. मी रडायची थांबेपर्यंत ठाकूरबाई थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "आता तुमी काय करनार?"

काय करणार? ते वाक्य तसंच जाऊ दिलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. ठाकूरबाई बोलणार नव्हत्या, शैला तर आता कुणाला सांगायची राहिली नव्हती. माझं नाव स्वच्छ राहिलं असतं, आणि तेही तिच्याच हातचं. परत येताना बसमध्ये मी हाच विचार केला, खोटं कशाला सांगू? पनवेल येईपर्यंत केला. मग घरी येऊन तिच्या भावाला फोन केला आणि म्हटलं, टिपण पाठव, सगळं बरोबर आहे, फक्त शेवटचं वाक्य मी बदलून देते. त्याने विचारलं, "ताईने लिहिलेलं बदलायचं?" मी म्हटलं, "हो. तिने आयुष्यात एवढंच खोटं लिहिलंय, तेवढं काढायचं."

टिपण छापून येईल तेव्हा येईल. ते वाचणारे थोडे, आणि त्यात शैलाचं दूध, तिच्या साड्या, तिचा राग यातलं काहीच नसेल. म्हणून इथे लिहिते. त्या पडवीतलं गोणपाट अजून भिंतीशी अंथरलेलं आहे. मी दर मंगळवारी जाते आणि त्याच्या शेजारी, जमिनीवर बसते. पोरांनी तेवढी परवानगी दिली आहे. ठाकूरबाई प्रश्न विचारतात आणि थांबतात, पोरं गप्प असतात, आणि त्या शांततेत मला शैलाचा प्रश्न स्पष्ट ऐकू येतो. त्याचं उत्तर मी आता देते आहे, शैला. हो, घडलं होतं. ठाकूरबाई खळ्यावर गेल्या होत्या आणि त्यांनी सात मुलं आणली होती. त्या दिवशी तू तिथे नव्हतीस. मी होते.